आई-बाबांना नायगारा दाखवायचाय? मग जुलैत नको!

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसाला "नायगारा किती वेळा पाहिलात?" असं विचारून पाहा. उत्तरात आकडा येत नाही, नातेवाईक येतात. "एकदा लग्न झाल्यावर आम्ही दोघं, मग माझे आई-बाबा आले तेव्हा, मग सासू-सासरे, मग आत्या आणि तिचे यजमान, मग पुन्हा आई-बाबा..." आमची बेरीज नऊ होते. या नऊपैकी सात वेळा आम्ही जुलै-ऑगस्टमध्ये गेलो. त्या सात वेळांबद्दल मला आज या पानांवरून जाहीर माफी मागायची आहे आणि जमलं तर तुमच्याशी थोडं भांडायचंही आहे.

माझं म्हणणं एवढंच. नायगारा पाहायचा तर ऑक्टोबरात पाहावा. सोबत वयस्कर आई-वडील असतील तर ऑक्टोबरातच पाहावा. आणि त्यांना इथे बोलावताना पानं पिकायच्या आत परत पाठवण्याची जी रीत आपण पाडली आहे, ती मोडावी.

आधी माझा गुन्हा सांगतो. २०११ सालचा फोर्थ ऑफ जुलैचा लाँग वीकएंड. बाबा तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे. पहाटे चारला न्यू जर्सीहून निघालो. मिनीव्हॅनमध्ये मेथीचे पराठे, दहीभाताचा डबा, लोणच्याची बरणी, मागच्या सीटवर दोन मुलं. चारशे मैलांचा रस्ता, एरवी सात तासांचा. त्या दिवशी साडेनऊ तास लागले. पार्किंग शोधण्यात आणखी एक तास. मग बोटीची रांग, दीड तास, भर उन्हात. बाबांचा गुडघा त्या वेळी बोलायला लागला होता. बाकावर जागा नव्हती, म्हणून ते एका आइस्क्रीमच्या गाडीजवळ फुटपाथच्या कडेवर बसले. पुढे कठड्यापाशी पोचलो तर समोर माणसांच्या पाठी, आणि त्या माणसांच्या खांद्यांवर त्यांची मुलं. रात्री मोटेलवर मी मोठ्या हौसेने विचारलं, "बाबा, कसा वाटला नायगारा?" ते म्हणाले, "छान होता. आषाढीला पंढरपुरात असते तेवढी गर्दी होती. आपलं कळसदर्शन झालं."

आम्ही सगळे हसलो. ते उपहासाने म्हणाले नव्हते, हे मला फार उशिरा कळलं. गणपतीला घरी हवं म्हणून ते ऑगस्टअखेर परत गेले. पुन्हा यायचं म्हणता म्हणता २०१४ साली ते गेले. त्यांच्या खात्यावर नायगाराचं कळसदर्शनच जमा राहिलं.

२०१६ साली आई एकटी आली. मे महिन्यात तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून तिकीट ऑगस्टअखेरचं काढलं. त्यामुळे नायगाराला जायला ऑक्टोबरचा तिसरा आठवडा उजाडला. ठरवून नव्हे, अगदी नाइलाजाने! गुरुवारी निघालो, शुक्रवारी सकाळी गोट आयलंडवर पोचलो. एक अख्खा बाक आमचा. समोर हॉर्सशूचा तो हिरवट काचेसारखा पाण्याचा पडदा, मागे पिवळी-तांबडी झाडं. आई तिथे दोन तास बसली. मग एक लालभडक मेपलचं पान उचलून तिने पर्समधल्या पोथीत ठेवलं आणि म्हणाली, "आपल्याकडे पिकलं पान म्हणजे गळायला आलेलं. इथे पिकलं पान बघायला माणसं तिकीट काढून येतात होय!" थोड्या वेळाने म्हणाली, "ह्यांना हे दाखवायला हवं होतं."

मी काही बोललो नाही. थर्मासमधला चहा ओतून दिला.

आता तुम्ही म्हणाल, एका घरची गोष्ट सांगून सगळ्यांचं कॅलेंडर कशाला बदलायला निघालात? म्हणून भावना बाजूला ठेवतो आणि हिशोबाला बसतो. आपल्या मंडळात इंजिनिअरांची संख्या पाहता तेच बरं.

पहिला हिशोब पाण्याचा. कितीतरी जणांना वाटतं की नायगाराचं पाणी निसर्ग सोडतो. अर्धंमुर्धं खरं आहे. या नदीचं बरंचसं पाणी धबधब्याच्या आधीच वळवून दोन्ही देश वीज बनवतात. किती पाणी धबधब्यावरून पडू द्यायचं, हे अमेरिका आणि कॅनडा यांच्यातल्या १९५० सालच्या करारात लिहिलेलं आहे. १ एप्रिल ते ३१ ऑक्टोबर या मोसमात दिवसा सेकंदाला किमान १ लाख घनफूट. म्हणजे दर सेकंदाला सुमारे २८ लाख लिटर. इतर वेळी, म्हणजे रात्री आणि १ नोव्हेंबरपासून मार्चअखेरपर्यंत चोवीस तास, किमान ५० हजार घनफूट. सरळ निम्मं! तेव्हा जुलैत जेवढं पाणी दिवसा पडतं, तेवढंच ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवसापर्यंत पडतं. "ऑक्टोबरात पाणी कमी असतं" असं ठामपणे सांगणारे काका प्रत्येक पॉटलकला भेटतात. त्यांना हा करार सांगावा. मात्र थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत नायगारा दाखवणाऱ्यांनी आपण पाहुण्यांना अर्धाच धबधबा दाखवतो आहोत, हेही लक्षात घ्यावं.

दुसरा हिशोब इंद्रधनुष्याचा. धनुष्य दिसायला सूर्य पाठीशी आणि तुषार समोर हवेत, हे शाळेत शिकलो. पुढचं विसरलो. सूर्याच्या अगदी विरुद्ध बिंदूपासून सुमारे ४२ अंशांवर धनुष्याची कमान असते. म्हणून सूर्य ४२ अंशांच्या वर चढला की कमान क्षितिजाच्या खाली जाते, आणि मग ती कठड्यावरून वाकून दरीत शोधावी लागते. जुलैत भर दुपारी नायगाराला सूर्य ६५ अंशांच्याही वर असतो. ऑक्टोबरच्या मध्यावर तो दुपारीसुद्धा चाळीस अंशांच्या आत राहतो. म्हणजे ऊन असेल तर दिवसभरात केव्हाही कमान डोळ्यांच्या पातळीच्या वर चढलेली सापडू शकते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला वाकून पाहावं लागणार नाही, हा फायदा मला कमी वाटत नाही.

तिसरा हिशोब पानांचा. दिवस लहान होऊ लागला की झाड पानातलं हरितद्रव्य बनवणं थांबवतं. पिवळा आणि केशरी रंग उन्हाळाभर पानात असतातच, फक्त हिरव्याखाली झाकलेले. मेपलसारख्या झाडांचा लाल रंग मात्र याच दिवसांत नव्याने तयार होतो, आणि त्यासाठी उन्हाचे दिवस व गार, पण गोठवणाऱ्या नव्हेत अशा रात्री लागतात. उत्तरेकडच्या डोंगरांत सप्टेंबरअखेर हा रंग चढतो आणि हळूहळू दक्षिणेकडे, खाली उतरत येतो. दोन्ही बाजूंना मोठी तळी असल्यामुळे नायगाराच्या आसपास थंडी जरा उशिरा पडते, म्हणून तिथे ऑक्टोबरचा मध्य ते तिसरा आठवडा हा रंगांचा काळ. नेमकं त्याच सुमारास कधी दसरा, कधी कोजागिरी, कधी दिवाळी येते. आपण आपट्याच्या पानांना सोनं म्हणून वाटतो. इथे रस्त्याच्या दोन्ही कडांना सोनं पडलेलं असतं, आणि ते लुटायला आपण घराबाहेर पडत नाही!

चौथा हिशोब रस्त्याचा. जुलैत चारशे मैल म्हणजे फक्त पेट्रोल पंप आणि रेस्टरूम. ऑक्टोबरात हाच रस्ता सहलीचा अर्धा भाग होतो. न्यूयॉर्क हे सफरचंदांच्या उत्पादनात वॉशिंग्टनखालोखाल देशातलं दुसरं राज्य. सप्टेंबर-ऑक्टोबरात बागेत जाऊन आपल्या हाताने सफरचंदं तोडता येतात. फिंगर लेक्सच्या परिसरात द्राक्षांचा हंगाम चालू असतो. थोडी वाट वाकडी केलीत तर लेचवर्थ स्टेट पार्क लागतं. जेनेसी नदीची सतरा मैल लांब दरी, तीन मोठे धबधबे, आणि दरीच्या कडेने गाडीतूनच सगळं दिसेल असा रस्ता. नाशिक-सांगलीकडून आलेल्या वडिलांना द्राक्षाच्या मळ्यात नेऊन सोडा. तुमच्या नोकरीबद्दल त्यांनी इतके प्रश्न कधी विचारले नसतील, जेवढे ते तिथल्या वेलींच्या मांडवाबद्दल विचारतील.

पाचवा हिशोब बाकाचा. हा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. नायगारा स्टेट पार्कला वर्षाला ८० लाखांहून अधिक माणसं येतात, आणि त्यांतली फार मोठी संख्या उन्हाळ्यात. ज्याचे पाय धड आहेत तो गर्दीतून वाट काढतो. ज्याला दर दहा मिनिटांनी टेकावं लागतं, त्याची सहल मोकळ्या बाकावर अवलंबून असते. ऑक्टोबरातल्या मधल्या वारी तुम्हाला बाक मिळतो, बोटीची रांग लहान असते, आणि मोटेलचे दरही बहुधा जुलैपेक्षा खाली आलेले असतात.

या बाकाला इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात धबधब्याच्या काठची जागा खाजगी मालकांच्या ताब्यात होती. कुंपणं घातलेली, आणि धबधब्याचं दर्शन घ्यायचे पैसे. त्याविरुद्ध लोकांनी चळवळ केली. न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क घडवणारे फ्रेडरिक लॉ ओम्स्टेड हे त्यात पुढे होते. १८८५ साली राज्याने ही जागा ताब्यात घेऊन सगळ्यांना खुली केली. पार्किंगचे पैसे पडतात, पण धबधबा पाहायला आजही तिकीट नाही. ओम्स्टेड आणि त्यांचे सहकारी कॅल्व्हर्ट व्हॉक्स यांनी १८८७ साली जो आराखडा दिला, त्यात झाडी राखायची, पायवाटा करायच्या आणि माणसाने रमतगमत पाण्याजवळ यावं, अशी कल्पना होती. ज्या जागेसाठी लोक एवढे भांडले, तिथे आपण आई-बाबांना पळवत नेतो, "इथे उभे राहा, इकडे बघा, हसा" म्हणतो, आणि दुपारी तीनला वॉशिंग्टन डीसीच्या रस्त्याला लागतो. तीन दिवसांत पाच ठिकाणं! फोटो सगळे येतात. पाहिलं काय, ते फोटोत शोधावं लागतं.

मग आपण जुलैतच का जातो? माझं उत्तर असं की आपण सुटकेसमध्ये मेतकूट-चकलीबरोबर मे महिन्याची सुट्टीही भरून आणली. लहानपणी परीक्षा संपली की मामाचा गाव, आंबे, सहल. प्रवास म्हणजे उन्हाळा, हे डोक्यात बसलं. त्यातून महाराष्ट्रातला ऑक्टोबर म्हणजे ऑक्टोबर हीट, घामाच्या धारा. त्या महिन्यात कोणी हौसेने फिरायला निघतं, हे आपल्याला खरंच वाटत नाही. पण आपल्याच पूर्वजांनी आशीर्वाद देताना कोणता ऋतू निवडला? शंभर शरद पाहा, असं म्हणतात. शंभर उन्हाळे पाहा, असं कोणी म्हणाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. आयुष्य शरदात मोजणाऱ्या लोकांची लेकरं आपण, आणि आपल्या आई-बाबांना नेमका शरद सुरू होताना विमानात बसवून देतो.

आता तुमचे आक्षेप. मला ते पाठ आहेत, कारण सात वेळा मीच ते घेतले होते.

"मुलांची शाळा बुडेल." बुडेल. एक दिवस, फार तर दोन दिवस. त्यातही अनेक शाळांना या दिवसांत एखादी सुट्टी मिळतेच. आजी-आजोबांबरोबर दोन दिवस गाडीत बसून मुलं जेवढं मराठी बोलतात, तेवढं आपल्या रविवारच्या शाळेत महिन्यात बोलत नाहीत. हे मी रविवारच्या शाळेत शिकवतो म्हणून सांगतो आहे.

"थंडी असते, आई-बाबांना सोसणार नाही." ऑक्टोबरच्या मध्यावर तिथे दुपारी साधारण ६० फॅरनहाइटच्या आसपास असतं. पुण्यात डिसेंबरच्या पहाटे याहून गार असतं आणि तीच मंडळी कानटोपी घालून फिरायला जातात. स्वेटर, मफलर, थर्मास घ्या. जुलैच्या उन्हात दीड तास रांगेत उभं राहणं सोसतं, असं कुठल्या डॉक्टरने सांगितलं?

"रजा डिसेंबरच्या इंडिया ट्रिपसाठी ठेवावी लागते." हा आक्षेप खरा आहे, आणि यावर माझ्याकडे जादू नाही. पण जुलैच्या लाँग वीकएंडला जोडून आपण एक-दोन दिवस घेतोच. तेच उचलून ऑक्टोबरात टाकायचे आहेत.

"त्यांना गणपतीला घरी जायचं असतं." गणपतीशी वाद घालायची माझी प्राज्ञा नाही. ज्यांच्या घरी गणपती आहे, त्यांनी विसर्जनानंतर यावं. व्हिजिटर म्हणून आलेल्यांना साधारणपणे सहा महिने राहता येतं; नेमकी तारीख प्रवेशाच्या नोंदीत पाहावी. इतरांनी ऑगस्टमध्ये बोलवावं. मेच्या पहिल्या आठवड्यात आलेल्यांनाही ऑक्टोबर संपेपर्यंत अवधी असतो, मग सप्टेंबरचं परतीचं तिकीट आपणच का काढतो? आणि बरीच वर्षं दिवाळी ऑक्टोबरअखेरीस किंवा नोव्हेंबरात येते. नायगारा पाहून फराळाला घरी पोचता येतं.

शेवटचा आक्षेप कोणी उघड घेत नाही, पण सगळ्यात मोठा तोच आहे: "ऑक्टोबरात मंडळाचे कार्यक्रम असतात." मंडळी, आपलं कॅलेंडर काढून पाहा. गणपती आटोपले की भोंडला, मग दांडिया, कोजागिरी, नाटकाच्या तालमी, दिवाळीचा कार्यक्रम. वर्षातल्या सगळ्यात सुंदर महिन्याचे सगळे शनिवार आपण एका हायस्कूलच्या ऑडिटोरियममध्ये, खिडक्या नसलेल्या जागेत, माइक चालत नाही म्हणून वाट पाहत घालवतो. मी दोन वर्षं कमिटीत होतो, तेव्हा या पापात माझाही वाटा आहे. माझी कमिटीला जाहीर विनंती आहे की ऑक्टोबरातला एक शनिवार-रविवार कॅलेंडरवर कोरा सोडावा. त्यावर नुसतं लिहावं, "आई-बाबांना घेऊन बाहेर जा." तिकीट नको, जेवणाचा हिशोब नको, स्वयंसेवक नकोत. मंडळाच्या इतिहासातला हा सगळ्यात स्वस्त कार्यक्रम ठरेल!

तो कोरा शनिवार कोलंबस डेच्या लाँग वीकएंडचा मात्र नसावा. त्याच सोमवारी कॅनडात थँक्सगिव्हिंग असतं, दोन्ही देश एकदमच कठड्यावर येतात, आणि मग जुलैत काय वाईट होतं असं वाटतं. त्याच्या पुढचा आठवडा धरावा. दिवाळी तिथेच येत असेल तर आधीचा.

ऑक्टोबरात जुलैपेक्षा कमी काय मिळतं, तेही सांगतो. दिवस लहान असतो, मध्यावर सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळतो. उन्हाळ्यात भरपूर पाणी रात्री दहापर्यंत सोडतात, १६ सप्टेंबरनंतर आठपर्यंतच. तेव्हा रात्रीची रोषणाई पाहायची तर जेवण नंतर करा. १८४६ सालापासून चालणारी 'मेड ऑफ द मिस्ट' बोट साधारणपणे नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत असते. अमेरिकेच्या बाजूला २०२० पासून ती विजेवर चालते, त्यामुळे डिझेलच्या वासाने आईला मळमळायची धास्ती नाही. निघण्यापूर्वी तारीख तेवढी तपासून घ्या. एखादा दिवस पावसाचाही निघू शकतो. आमची नववी खेप पावसातच गेली. छत्रीखाली उभं राहून पाहिलेला नायगाराही जुलैतल्या पाठींपेक्षा बरा होता.

आपल्यापैकी बहुतेकांचे आई-वडील आज सत्तरीच्या पुढे आहेत. अमेरिकेची वारी त्यांच्याकडून आणखी किती वेळा होईल, हे आपल्याला माहीत नाही. "पुढच्या वेळी निवांत दाखवू" असं मीही २०११ साली म्हणालो होतो. तिकीट काढायला बसाल तेव्हा परतीची तारीख टाकण्याआधी एक मिनिट थांबा आणि ऑक्टोबर त्यांच्या पदरात पडतो आहे ना, ते बघा.

आई आता प्रवास करत नाही. मागच्या भारतभेटीत तिच्या पोथीतलं ते पान मी पाहिलं. तांबूस-तपकिरी झालं आहे, कडा तुटल्या आहेत. कोणी पाहुणे आले की ती काढून दाखवते आणि सांगते, "हा आमचा नायगारा."